बत्तीसचा कागद

पिंप्राळा, जळगाव
१२ जानेवारी २०२५

नवल,

फोन उचलत नाहीस, मेसेज वाचतोस आणि तसेच सोडून देतोस. म्हटलं, आता तुझ्याच सवयीनं तुला गाठावं. नऊ वर्षं ऐकवत आलास ना, तोंडी सांगू नको, कागदावर दे. घे, दिला कागद. पाठकोरा आहे. मागच्या बाजूला कुठल्या तरी जुन्या जॉबचा सेटअप छापलेला असेल, तो वाचत बसू नको.

सुरुवात करतानाच अडखळले. पाकीट आईंनी फोडलं तर अहो-जाहो बरं दिसलं असतं. पण लग्नाआधी दोन वर्षं अख्ख्या कारखान्यासमोर मी तुला 'नवलभाऊ' म्हणत होते, त्याची लाज अजून पुरती गेलेली नाही. तेव्हा अरे-तुरेच राहू दे. आईंना काय वाटायचं ते वाटू दे.

इकडे थंडी चांगली पडलीय. फैजपूरहून बाबांनी केळी पाठवली, तीन फण्या. एकटीनं किती खाणार? निम्म्या सुपडूनानांना दिल्या. तुझ्या मशीनवर सध्या तेच उभे असतात. आयुष्यभर दुसऱ्यांना टूलं लावून दिली, पण स्वतः मशीन चालवायची सवय नाही. बटण दाबण्याआधी देवाचं नाव घेतात आणि मग वर प्रोग्रॅमिंगच्या केबिनच्या काचेतून माझ्याकडे बघतात. मी मान हलवते. टूल फिरवणारा नवा स्पिंडल दिवाळीनंतर बसला, मशीन आता व्यवस्थित चालतंय.

आणि काम काय आलंय माहितेय? तेच. जूनमधलं. ठिबक सिंचनाच्या फिटिंगच्या साच्याचा आतला गाभा, कोअर, शंकूच्या आकाराचा, त्याच्या अंगावरून पीळ घेत जाणारा खोल खाचेचा स्लॉट. रुंदी तीन मिलिमीटर, खोली चोवीस. कस्टमरला तसाच दुसरा हवाय. जितेंद्रभाऊंनी ड्रॉइंग माझ्या टेबलावर ठेवलं आणि एक शब्द न बोलता निघून गेले. मालक माणूस, बोलले असते तर बरं वाटलं असतं.

झालं ते झालं, नवल. मशीनवर असं होतं. टूल धरणारा होल्डर जॉबला धडकला, स्पिंडल गेला, यात जगावेगळं काही नाही, मोठमोठ्या कारखान्यांत होतं. सुरू करण्याआधी एकदा स्क्रीनवर नजर टाकली असतीस तर, असंही मनात येतं कधी. पण ते जाऊ दे. सात महिने झाले. आपलंच घर सोडून माणूस किती दिवस धुळ्याला देवपूरच्या एका खोलीत आईजवळ राहणार? तिथे लेथवर पंपांचे शाफ्ट घासतोस असं कळलं. तुझे हात त्यासाठी नाहीत.

उत्तर पाठव. दोन ओळी पाठवल्यास तरी चालेल.

दीपा


पिंप्राळा
२६ जानेवारी २०२५

नवल,

आज झेंडावंदन करून घरी आले. जिलबी आणली होती, ती एकटीनं खाल्ली आणि मग वाईट वाटलं.

उत्तर नाही आलं, तरी लिहिते. कामाचंच लिहिते, म्हणजे तुला राग धरायला जागा राहणार नाही.

त्या स्लॉटला कुठला मार्ग द्यावा, हे ठरत नाहीये. सॉफ्टवेअर विचारतं, कसं जाऊ? आणि चार-पाच पर्याय समोर मांडून गप्प बसतं. स्लॉटच्या भिंती तिरक्या, त्यातही पीळ घेत जाणाऱ्या, म्हणजे टूल सरळ उभं ठेवून भागणार नाही, चालता चालता कलवावं लागणार. एक पर्याय असा की टूलचं अंग भिंतीला लावायचं आणि एका दमात भिंत घासत न्यायची. दिसायला झकास, वेळ कमी. पण तीन मिलिमीटरच्या फटीत एका भिंतीला टेकलेलं टूल वळणावर दुसऱ्या भिंतीला कधी घासेल सांगता येत नाही. दुसरा असा की तळाच्या रेषेनं थर थर उतरत जायचं, प्रत्येक थराला कोन सॉफ्टवेअरनंच ठरवायचा. सुरक्षित, पण दोन दिवस मशीन अडकतं. आणि तिसरा म्हणजे सगळा पीळ चार तुकड्यांत तोडायचा. प्रत्येक तुकड्याला टेबल एका ठरावीक कोनात लॉक करायचं आणि आखूड, दणकट टूलनं आतलं सगळं उपसून काढायचं. सतत हलणारा कोन फक्त शेवटच्या हातासाठी ठेवायचा. हे चार कोनांचं मी कुठेतरी ऐकलंय की वाचलंय, कुठे ते आठवत नाही. पण डोक्यात बसलंय खरं.

तुला काय वाटतं? खाली उभं राहून तुला आवाजावरून कळायचं. मी वर स्क्रीनवर हिरव्या-लाल रंगांत बघायची, लाल म्हणजे धडक, आणि तू कान देऊन ऐकायचास. "थरथरतंय," म्हणायचास, आणि माझ्या सिम्युलेशनमध्ये सगळं हिरवंगार असायचं. मग आपण भांडायचो.

कुठलं टूल होल्डरच्या किती बाहेर बांधायचं, त्या सेटअपच्या कागदावर मी हिरव्या पेननं सही करायची आणि तू खाली पेन्सिलनं काहीतरी लिहून परत पाठवायचास. 'टूल चार मिमी आत घेतलं, बरं चाललं.' 'या जॉबच्या कडेला बर फार येते, घासावी लागते.' आणि एकदा, 'वर डबा खाताना एकटी का बसता?' तो कागद मी फाइलला लावलाच नाही. जितेंद्रभाऊ महिनाभर शोधत होते.

काचेतून दिसायचास तो टाळूकडून. मध्यभागी केस विरळ व्हायला लागलेत, हे तुला कधी सांगितलं नाही. आता त्या जागी सुपडूनानांची टोपी दिसते. मला तुझी टाळू बघायचीय रे. एवढी साधी गोष्ट आहे, आणि तिच्यासाठी रोज खाली बघते.

दीपा


पिंप्राळा
१६ फेब्रुवारी २०२५

नवल,

काल कारखान्याची भरीत पार्टी झाली, जितेंद्रभाऊंच्या मळ्यात. तुरीच्या काड्यांवर वांगी भाजली, कळण्याच्या पुऱ्या, सगळं साग्रसंगीत. वांगी ठेचायला बसणारा माणूस यंदा वेगळा होता. त्यानं मिरची कमी घातली. सगळ्यांनी तुझी आठवण काढली, मिरचीपुरती तरी.

जेवताना जितेंद्रभाऊ सहज म्हणाले की नवल सांगितलेलं कधी मोडायचा नाही, त्या दिवशी अडतीस मिलिमीटरच्या जागी बत्तीसवर टूल का बांधलं त्यानं, अजून कळत नाही. सुपडूनाना म्हणाले, वय होतं, नजर चुकते. तुझं वय एकोणचाळीस आहे. मला पाणी हवं होतं म्हणून उठले आणि विहिरीपर्यंत गेले. तिथे थोडा वेळ थांबले. आल्यावर कुणीतरी विचारलं, डोळ्यांत धूर गेला का? हो म्हटलं.

मला काही बोलायचं होतं आणि मी गिळलं, असं समजू नको. सगळ्यांच्या जेवणात कशाला कालवाकालव, एवढंच.

त्या कोअरचा प्रोग्रॅम अजून होत नाहीये. तीनदा केला, तीनदा पुसला. सिम्युलेशनमध्ये काही लागत नाही, सगळं स्वच्छ आहे, तरी मशीनला पाठवायला हात उचलत नाही. भाऊंना सांगितलं, कस्टमरकडून खुलासा यायचाय. खोटं सांगितलं. खुलासा कधीच आलाय.

तू गेल्यापासून प्रत्येक कागद दोनदा छापते. एक खाली देते, एक माझ्या ड्रॉवरमध्ये. का ते विचारू नको.

घरात तुझा डबा अजून ओट्यावर आहे. परवा त्यात मेथ्या भरल्या, मग काढल्या. रिकामाच बरा.

दीपा


पिंप्राळा
९ मार्च २०२५

नवल,

सकाळी आईंचा फोन आला होता. तुला न सांगता केला म्हणाल्या, तेव्हा त्यांच्यावर चिडू नको.

आधी होळीला येतेस का विचारलं. मग म्हणाल्या, "माय, तो दररोज खिसामातून एक कागद काढस, देखस, आनि परत ठेवी देस. त्यावर बत्तीस लिखेल शे आनि तुनी हिरवी सही शे. काय शे त्या कागदवर?"

मी फोन ठेवून दिला. त्यांना म्हणावं, लाइन तुटली. नको, तेही खोटं. मी ठेवला.

तुझ्याजवळ तो कागद आहे. नऊ महिने आहे. मला वाटत होतं त्या गोंधळात कुठे पडला असेल, कचऱ्यात गेला असेल. खरं सांगायचं तर मी मनातल्या मनात तो गेला असंच धरून चालले होते. आणि तू तो खिशात घेऊन भाऊंसमोर उभा होतास, बोलणी खात होतास, माझ्याकडे बघत होतास, आणि काढला नाहीस.

मग आता कागदावरच देते, नीट क्रमानं.

सकाळी अकराला मी तुला कागद दिला. टूल बारा अंश कललेलं, होल्डरच्या बाहेर बत्तीस मिलिमीटर. बरोबर होतं ते. दुपारी कस्टमरनं भिंतीचा कोन बदलून पाठवला. मला टूल थोडं उभं करावं लागलं, त्यानं होल्डर जॉबच्या जवळ आला, म्हणून मी टूल आणखी सहा बाहेर घेतलं. अडतीस. सिम्युलेशन अडतीसवर चालवलं, कुठे लाल दिसलं नाही. प्रोग्रॅम त्याच नंबरावर मशीनला पाठवला. नवा कागद छापायला उठले आणि कस्टमरचा फोन आला. तो ठेवते न ठेवते तोच खालून धडकेचा आवाज आला.

इथपर्यंत चूक होती. चूक कुणाच्याही हातून होते. पुढचं चूक नव्हतं.

मी तेव्हा अडतीसचा कागद छापला. त्यावर सही केली आणि वेळ टाकली सकाळची साडेअकरा. खाली आले. सगळे स्पिंडलभोवती गोळा झाले होते, कूलंट जमिनीवर वाहत होतं. मी तो कागद मशीनच्या क्लिपला लावला. दोन सेकंदांचं काम. भाऊंनी टूल मोजलं, बत्तीस. क्लिपवर बघितलं, अडतीस. मग त्यांनी तुझ्याकडे बघितलं.

मी ठरवलं होतं, उद्या सांगेन. मग ठरवलं, भाऊंचा राग उतरला की सांगेन. भाऊंनी तुला घरी बसवलं, त्यानंतर सांगणं आणखीच अवघड झालं. त्या रात्री ताटावर बसताना तू विचारलंस, "दीपा, काही सांगनं शे का तुले?" घरात मराठी बोलणारा तू, आईच्या बोलीत विचारलंस. मी म्हणाले, आधी जेवून घे.

तू जेवलास. आणि तिसऱ्या दिवशी बॅग भरलीस.

पहिल्या पत्रात मी तुला लिहिलं की स्क्रीनवर नजर टाकायला हवी होतीस. ते लिहिणाऱ्या हाताची मला शरम वाटते.

एकच विचारते. का नाही दाखवलास कागद?

दीपा


पिंप्राळा
२३ मार्च २०२५

नवल,

सांगितलं. गुरुवारी, सकाळी चहाच्या वेळी, सगळे असताना. केबिनमध्ये जाऊन सांगता आलं असतं. पण भाऊ तुला बोलले होते ते सगळ्यांसमोर, मग हेही तिथेच.

सगळं बोलायला पाच मिनिटंही लागली नाहीत. नऊ महिने मी एवढ्याशा गोष्टीखाली दबून होते. बोलताना अडखळले नाही, रडले नाही, याचं माझं मलाच नवल वाटलं. हसू नको नावावरून.

जितेंद्रभाऊंनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "दीपमालाताई, तुमची सही बघितली की आम्ही पुढचं वाचत नव्हतो. आजपासून तुमची सही माझ्या कारखान्यात कुठल्याही कागदावर नको."

बास, एवढंच. ओरडले असते तर मी उलट काहीतरी बोलले असते, माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. दुपारी बोलावून त्यांनी सांगितलं की वरचं टेबल आता भूमिकाकडे. कॉलेजातून गेल्या वर्षी आलेली मुलगी, हुशार आहे, घाबरट आहे. मी हवं तर नोकरी सोडावी, नाहीतर खाली तुझ्या मशीनवर उभं राहावं. सुपडूनाना तसेही मेमध्ये रिटायर होतायत. मी म्हटलं, उभी राहते.

मग त्यांनी माझ्यासमोर तुला फोन लावला. त्यांचा उचललास. बरं झालं. ते म्हणाले, नवल, माझ्या हातून अन्याय झाला, परत ये, जागा तुझीच आहे. तुझा आवाज मला ऐकू आला नाही. भाऊंनी फोन ठेवला आणि म्हणाले, "बरं म्हणाला. येतो म्हणाला नाही."

सुपडूनाना माझ्याशी बोलत नाहीत. चहा घेऊन शेजारच्या शेडमध्ये जातात. फैजपूरला बाबांना कळवलं, ते म्हणाले, सांगितलंस ते बरं केलंस, पण जावयाला तोंड कसं दाखवू? मी काय सांगणार? माझाच तो प्रश्न आहे.

तू येशील म्हणून हे केलं असं वाटू देऊ नको. खोटं कशाला, थोडंसं त्यासाठीही केलं. पण तू आला नाहीस तरी ते करायचंच होतं, हे करून झाल्यावर कळलं.

दीपा


पिंप्राळा
२० एप्रिल २०२५

नवल,

पंखा फिरतोय आणि गरम हवाच फेकतोय. कारखान्यात पत्रा तापून दुपारी उभं राहवत नाही. तू तिथे नऊ उन्हाळे काढलेस आणि मी वर एसीत बसून तुला सांगायची, घाम जॉबवर पडू देऊ नको म्हणून. एकदाही माझ्या अंगावर आला नाहीस.

कोअर झाला. काल दुपारी उतरवला. स्लॉट सगळीकडे तीन मिलिमीटर, वळणावर एक शतांशाचाही फरक नाही, भिंतीवर कुठे घासल्याची खूण नाही. खाली ठेवून बघत बसले. दाखवायला कुणी नव्हतं.

कसा झाला ते सांगते. भूमिकानं आधी पहिलाच पर्याय उचलला होता, टूलचं अंग भिंतीला लावून एका दमात. मी असते तरी तोच उचलला असता, वरून तो फार सुंदर दिसतो. पण आता मी खाली आहे. मी म्हटलं, वळणावर दोन्ही भिंतींना घासेल. ती बिचारी खाली आली, म्हणाली, ताई, तुम्ही सांगाल तसं. मी सांगितले ते चार कोन. अडीचचं टूल, फक्त अठ्ठावीस बाहेर, टेबल लॉक करून मधलं सगळं उपसायचं. मग एक भिंत वेगळी, दुसरी भिंत वेगळी, शेवटचा हलका हात टूल कलवत. तिनं केलं. नवा कागद आणला. जुना मी तिच्या हातातून घेतला आणि तिच्या देखत फाडला. ती घाबरली. मी म्हटलं, सवय लाव.

आणि मग बटण.

नवल, मला ठाऊक नव्हतं. हातात एक कागद, त्यावर पोरीची सही, आणि समोर ते टूल सुईएवढं, त्याच्या वर तो जाडजूड होल्डर, आणि खाली जॉब. वेग कमी-जास्त करणाऱ्या फीडच्या चकतीवर डावा हात, बटणावर उजवा. वर काचेत भूमिका मान हलवतेय. तिच्या त्या मान हलवण्यावर माझं काय जातंय आणि काय राहतंय, सगळं अवलंबून. मी तीनदा बोट ठेवलं आणि तीनदा काढलं. सुपडूनाना देवाचं नाव का घेत होते ते कळलं. तू नऊ वर्षं माझ्या कागदावर हे बटण दाबलंस. मनात शंका न आणता दाबलंस, त्या दिवशीसुद्धा. तुझा तो विश्वास मी दोन सेकंदांत क्लिपला लावून टाकला.

सुपडूनाना शेवटी आले आणि शेजारी उभे राहिले. मग मी दाबलं.

मला तू हवा आहेस. मशीनवर नको, हवं तर मशीनवर कधीच येऊ नको. घरात हवा आहेस. भांडायला हवा आहेस. संध्याकाळी मेहरूणच्या तळ्याकाठी तू गाडी लावायचास आणि अर्धा तास एक शब्द बोलायचा नाहीस, तेव्हा मी किती चिडायची. तो अर्धा तास दे मला. दुसरं काही मागायचा माझा हक्क नाही, आणि तरी सगळंच मागतेय, हे मलाही दिसतंय.

दीपा


देवपूर, धुळे
४ मे २०२५

दीपा,

तुझी पत्रं बठ्ठी मिळाली, एकही राहिलं नाही. सहा. मला लिहिता येत नाही तुझ्यासारखं.

कागद का दाखवला नाही ते विचारलंस. सांगतो.

स्पिंडल गेला त्या सकाळी मी वर आलो होतो. चार कोनांचं मी सांगितलं होतं, दीपा. टेबल लॉक करून, आखूड टूलनं. तू ते कुठे ऐकलं आठवत नाही म्हणतेस, ते माझ्याकडून. तू हसलीस. सुपडूनाना होते, भूमिका होती. तू म्हणालीस, तू बटण दाब, डोकं मी लावते. सगळे हसले. मीपण हसलो.

तुझ्या पत्रांत मी ते वाक्य शोधत होतो. सहाही पत्रांत नाही. तू लपवलं नाहीस, तुला ते आठवतच नाही. हे समजायला मला चार महिने लागले. आधी वाटायचं मुद्दाम गाळतेस.

आता माझं. दुपारी सुरू करण्याआधी मी स्क्रीन बघितली होती. तू पहिल्या पत्रात लिहिलंस ना, बघायला हवी होती. बघितली होती. प्रोग्रॅमची वेळ चार वाजून दहा. माझ्या खिशातल्या कागदावर अकरा. म्हणजे काहीतरी बदललंय आणि माझ्याकडे नवा कागद नाही, हे मला कळलं. वर यायला अठरा पायऱ्या आहेत. मी पहिल्या पायरीपर्यंत गेलो. मग मनात आलं, डोकं ती लावतेय. आपण बटण दाबावं.

दाबलं.

विश्वास नव्हता तो. राग होता. कागद दाखवला असता तर वेळेचं निघालं असतं, आणि मग हेही सांगावं लागलं असतं. तू बोलत नाहीस म्हणून मी तुझ्यावर रुसलो असं तुला वाटलं, आईला वाटलं. मला माझंच बोलायचं नव्हतं. रोज कागद बघायचो तो त्यासाठी.

तू एकटीनं सगळ्यांसमोर सांगितलंस, टेबल गेलं, सही गेली. त्यातलं निम्मं माझं होतं. पुढच्या सोमवारी, बारा तारखेला, चहाच्या वेळी कारखान्यात येतो आणि भाऊंना सांगतो. सगळ्यांसमोरच. त्यानंतर ते जागा देतात की नाही ते बघू. इथला लेथ चालू आहे.

मशीनवर उभी राहतेस तर चपला घालू नको. धातूची कुठलीही बारीक चिप तळव्यात जाते, कळतसुद्धा नाही. बूट घे.

रविवारी संध्याकाळच्या गाडीनं पिंप्राळ्याला येतो. उशीर झाला तर जागी राहू नको. किल्ली माझ्याकडे आहे.

नवल